सोयी : वायफाय, गरम पाणी, इस्त्री, आजोबा

मालकीणबाईंच्या तिन्ही घरांत सगळं चालायचं, फक्त भिंतीला खिळा चालायचा नाही.

पाहुण्यांनी ओले टॉवेल पलंगावर टाकावेत, फ्रीजमध्ये अर्धं कलिंगड विसरून जावं, चहाच्या भांड्यात मोजे धुवावेत, बाई सगळं हसतमुखानं निस्तरत. पण खिळा म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. तिन्ही घरांच्या भिंती त्यांनी रंगाऱ्याच्या मानगुटीवर बसून गुळगुळीत करून घेतल्या होत्या. एक निळं घर, एक पिवळं घर आणि तिसरं नुसतंच कोपऱ्यावरचं घर. तिसऱ्याच्या वेळी रंगावरून नवरा-बायकोचं एकमत झालं नाही, म्हणून ते पांढरंच राहिलं. तिन्ही एकाच गल्लीत, आणि तिन्ही सुट्टीला येणाऱ्या लोकांना चार-दोन दिवसांसाठी भाड्यानं द्यायची. बाई आणि त्यांचा नवरा स्वतः राहायचे निळ्या घराच्या मागच्या दीड खोलीत. त्यातल्या अर्ध्या खोलीत पाहुण्यांच्या चादरी राहायच्या.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. त्याला सगळं स्पष्ट दिसायचं आणि तो काही बोलायचा नाही. त्यामुळे संसार सुखाचा होता.

अशा घरात अण्णा आले. अण्णा म्हणजे बाईंचे वडील. उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेला. बाईंची आई गेली, जुनं घर एकट्याला खायला उठलं, तेव्हा ते विकून अण्णा लेकीकडे राहायला आले. बरोबर एक चाकांची सुटकेस आणि गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी. पिशवीचा पट्टा बायकोनं इतक्यांदा शिवून दिला होता की आता त्यात चामडं कमी आणि दोराच जास्त होता. ती पिशवी अण्णा खाली ठेवत नसत, खुर्चीवर ठेवत नसत. पिशवी टांगायची असते, असं त्यांचं म्हणणं.

"ठमे," आल्या आल्या ते लेकीला म्हणाले, "एक खिळा ठोकतो."

"अण्णा, भिंतीला नाही हं!"

"मग कशाला ठोकू? हवेला?"

"कशाला हवाय पण? आणि केवढा? ती पिशवी कपाटात ठेवा ना."

"कपाटात चादरी आहेत."

"मग नंतर बघू," बाई म्हणाल्या आणि फोन घ्यायला धावल्या. बाईंचं निम्मं आयुष्य नंतर बघण्यासाठी बाजूला ठेवलेलं होतं.

दीड खोलीत अण्णांना जागा नव्हती. तेव्हा ठरलं असं की जे घर रिकामं असेल त्यात अण्णांनी राहायचं. निळ्यात पाहुणे आले की अण्णा पिवळ्यात, पिवळ्यात आले की कोपऱ्यावर. सगळंच भरलं तर अण्णा दीड खोलीतल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर. त्यांच्या सुटकेसची चाकं गल्लीतून खडखडत निघाली की समोरचा किराणावाला म्हणायचा, "चला, बाईंचा धंदा जोरात आहे." अण्णा कुरकुर करत नसत. "बस भरली की कंडक्टरनंच उभं राहायचं असतं," ते म्हणत आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा विचारत, "ठमे, इथे एक खिळा?"

"नंतर बघू, अण्णा."

आता बाईंच्या फोनमधल्या कॅलेंडरबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. बाईंनी प्रत्येक घराला एकेक रंग दिला होता. निळ्या घराला पिवळा, कारण निळा आधीच लाँड्रीला देऊन टाकला होता. मग पिवळा संपला म्हणून पिवळ्या घराला हिरवा. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घराला लाल, कारण पांढरा रंग दिसत नाही. ही पद्धत जगात फक्त बाईंनाच कळायची, आणि एके दिवशी त्यांनाही कळली नाही. पिवळ्या घरात पाहुणे येणार होते नेमक्या त्याच दिवशी त्यांनी अण्णांना सुटकेससकट पिवळ्या घरात पाठवून दिलं.

पाहुणे आले. आई, बाप, तीन कार्टी आणि मोजता येणार नाहीत इतक्या बॅगा. दार उघडतात तर समोर टेबलाशी बनियनवर बसलेला एक म्हातारा फडक्यानं शिट्टी पुसतोय. दुसऱ्या कुणी म्हाताऱ्यानं घाबरून आरडाओरडा केला असता. पण अण्णांच्या हाडीमासी खिळलेली सवय. दारात माणसं दिसताच ते उठून म्हणाले, "या, या, पुढे सरका! दारात गर्दी नको. आत भरपूर जागा आहे. बॅगा खाली ठेवा, मांडीवर नको."

आणि काय गंमत बघा, माणसं पुढे सरकली.

तासाभरात अण्णांनी पिशवीतून जुन्या तिकिटांची गड्डी काढली होती. बाथरूमला जायचं तर तिकीट, खिडकीत बसायचं तर तिकीट. आई-बापांसमोर कधी रांगेत उभी न राहिलेली कार्टी गुमान रांगेत उभी होती. अण्णांनी डबल बेल दिल्याशिवाय जेवायला कुणी सुरुवात करत नव्हतं.

बाईंना हे कळलं ते पाहुणीच्या मेसेजवरून. "आजोबा फारच गोड आहेत. उद्याही असतील ना?"

एका पायात चप्पल, एका पायात नवऱ्याचा बूट अशा अवस्थेत बाई पिवळ्या घराकडे पळाल्या. वाटेत त्यांनी माफीची सतरा वाक्यं जुळवली. चुकून घरात वडील राहून गेले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? केस राहिले, टूथब्रश राहिला, असं होतं कधी कधी. वडील? अभिप्रायातला तारा गेलाच! पण दारातच पाहुणीनं त्यांचे हात हातात घेतले आणि विचारलं, "हे सगळ्या घरांत असतात का?"

"हो, म्हणजे..." बाईंनी नवऱ्याचा बूट दुसऱ्या पायामागे लपवला. "सोय आहे ती आमच्याकडे."

आठवड्याच्या शेवटी अभिप्राय आला. "घर ठीक. गाद्या ठीक. आजोबा अप्रतिम." पाच तारे.

गाद्या नुसत्या ठीक म्हटल्याचं बाईंच्या मनाला लागलं, कारण त्या गाद्यांसाठी त्यांनी दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. पण पाच तारे म्हणजे पाच तारे. त्यांनी लगेच बुकिंगचं ॲप उघडलं. सोयींच्या यादीत ठरावीकच गोष्टींवर खूण करता येत होती. मग बाईंनी 'इतर' अशा रकान्यात जाऊन लिहिलं: आजोबा. अण्णांच्या केसांना तेल लावून, त्यांना खिडकीतल्या महागड्या दिव्याशेजारी बसवून त्यांनी फोटोही काढला. दिवा जास्त चांगला आला.

त्यानंतर बुकिंगचा जो पाऊस पडला, त्याला तोड नव्हती. आजोबा असलेलं घर लोकांना हवंच होतं. सकाळी निळ्यात, दुपारी पिवळ्यात, संध्याकाळी कोपऱ्यावर अशी अण्णांची फेरी सुरू झाली. पहिले काही दिवस तेही खूष होते. पोरांना शिट्टी वाजवायला देत, बापांना वळणावर बसमध्ये कुठे उभं राहायचं ते समजावत, आणि चेकआउटची वेळ झाली की "चला, शेवटचा स्टॉप!" असं ओरडून आख्खं कुटुंब पाच मिनिटांत रस्त्यावर काढत. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

पण एक म्हातारा तीन घरांना किती पुरणार? निळ्या घरातून तक्रार आली, "आजोबा फक्त तासभरच मिळाले." कोपऱ्यावरून आली, "आजोबा आले तेव्हा पेंगत होते." बाईंनी जिवाचं रान करून दुसरा आजोबा शोधला. हा गृहस्थ नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. जन्मभर पडद्याआड उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजत पुरवायची, हे त्याचं काम. त्याची तब्येत, दाढी, कोट, सगळं आजोबाला साजेसं. एकच अडचण होती. त्याला स्वतःचं वाक्य बोलता येत नव्हतं, फक्त दुसऱ्याचं पुरं करता यायचं. आणि सवयीनं तो पडद्यामागेच उभा राहायचा.

"आम्ही जरा बाहेर..." असं पाहुणा म्हणाला की पडद्यामागून हळूच आवाज यायचा, "...फिरून येतो."

निळ्या घरात नवं लग्न झालेलं एक जोडपं उतरलं होतं. त्यांचं कशावरून तरी वाजलं. बायको रागात शब्द विसरली की प्रॉम्प्टर तिला शब्द पुरवायचा, नवरा अडखळला की त्याला. भांडण इतकं रंगलं की दोघं वेगवेगळ्या टॅक्सीनं परत गेले. तारे मात्र दोघांनीही स्वतंत्रपणे पाच-पाच दिले.

अण्णांचा तिळपापड झाला. "हा कसला आजोबा! पोरं नाहीत, नातवंडं नाहीत. बिनपरवान्याचा आहे तो!"

नातवंडं अण्णांनाही नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण? बाई तर नाहीच. त्यांच्या मागे तेव्हा नवीच कटकट लागली होती. एका पाहुण्यानं दोनच तारे देऊन लिहिलं होतं, "आजोबा फोटोतल्यासारखे नाहीत."

"अण्णा, जरा हसत चला ना," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "फोटोत कसे छान हसताय."

अण्णा तेव्हा सुटकेस ओढत निळ्यातून पिवळ्यात निघाले होते. ते गल्लीच्या मध्यातच थांबले.

"ठमे, यादीत माझ्या वर कोण आहे?"

"म्हणजे?"

"सोयींच्या यादीत. माझ्या वर."

"इस्त्री."

"इस्त्री कुठे असते?"

"कपाटात. वरून दुसऱ्या कप्प्यात. का?"

"तिन्ही घरांत?"

"हो, तिन्ही घरांत. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. त्याशिवाय धंदा होतो का?"

"मीही सोयच ना?" अण्णा म्हणाले. "माझी जागा कुठली? मी राजवाडा मागत नाही गं. एक खिळा मागतोय. आत आलं, पिशवी काढली, टांगली, म्हणजे ड्युटी संपली असं वाटतं माणसाला. इतके दिवस माझी ड्युटीच संपत नाहीये."

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंडही उघडलं. पण तेवढ्यात फोन वाजला, लाँड्रीवाला होता, आणि उशांचे अभ्रे आणि टेबलावरचं कापड यांची अदलाबदल झाली होती. "जरा गर्दी ओसरू दे अण्णा, मग नक्की बघू," असं म्हणत त्या पळाल्या.

अण्णांनी त्यानंतर मिठाची गुळणी धरली. खिळ्याचं नाव नाही की काही नाही. फक्त पिशवी त्यांनी गळ्यातून काढणं सोडलं. जेवताना पिशवी, झोपताना पिशवी. पाहुण्यांना वाटलं हा पोशाखाचाच भाग आहे. एकानं त्यासाठी वेगळं कौतुकही लिहिलं.

आणि मग ते बुकिंग आलं.

कोपऱ्यावरचं घर. आख्खा सीझन! एकच माणूस. नवीन सदस्य, फोटो नाही. बाईंनी फोन आधी डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. आख्खा सीझन म्हणजे रोजच्या चादरी नाहीत, कलिंगड नाही, मोजे नाहीत. खाली पाहुण्याची विनंती होती: "आजोबा नकोत. बाकी काही नको. खिडकीजवळच्या भिंतीला एक खिळा हवा. मजबूत."

"ठोकून टाकू!" बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं पेपरातून मान वर केली. "भिंतीला? खिळा? तू?"

"गेस्टनं मागितलाय. गेस्टला नाही म्हणायचं नाही."

"हो का," नवरा म्हणाला, आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसला.

बाई स्वतः दुकानात गेल्या. तीन मापांचे खिळे आणले, हातोडी आणली. नवऱ्यानं मदत करू का विचारलं तर "तुला जमायचं नाही" म्हणून पदर खोचून स्वतःच स्टुलावर चढल्या. पहिला खिळा वाकला. दुसऱ्यानं बशीएवढा गिलावा खाली आणला. पण बाई हटल्या नाहीत. तिसरा बसला. मजबुती बघायला त्यांनी खिळ्यावर पाण्यानं भरलेली बादली टांगली. बादली टिकली.

अण्णा खिडकीबाहेर आपल्या सुटकेसवर बसून हे बघत होते. बाकीची घरं भरलेली होती.

"कोण येतंय गं?"

"मोठा गेस्ट आहे, अण्णा. आख्खा सीझन राहणार!"

"खिळा जरा वर गेला."

"बरोबर आहे की!"

"थोडा खाली घे. म्हाताऱ्या माणसाचा हात पोचला पाहिजे."

"गेस्ट म्हातारा आहे असं कोण म्हणालं?"

"तसं नाही," अण्णा लगबगीनं म्हणाले, "पण आख्खा सीझन रिकामा म्हणजे तरणा कसा असेल?"

हे बाईंना पटलं. त्यांनी चौथा खिळा खाली ठोकला आणि वरची भोकं-भगदाडं पांढऱ्या रंगानं लिंपून टाकली. मग जाड टॉवेल ठेवले, जे त्या दीड खोलीत कधीच आणत नसत. टेबलावर फुलं ठेवली. गादी तर दोनदा उलटी केली. आपण इतक्या आनंदानं हे करतोय याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

ठरल्या दिवशी बाई इस्त्रीचे कपडे घालून, चावी तळहातावर घेऊन कोपऱ्यावरच्या घराच्या पायरीवर उभ्या राहिल्या. नवराही दुकानातून लवकर आला होता. का, ते त्यानं सांगितलं नाही. गल्लीच्या टोकाला चाकांची ओळखीची खडखड ऐकू आली आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली.

अण्णा येत होते. भांग पाडलेला, जुना कंडक्टरचा कोट अंगात, बटणं चकचकीत, गळ्यात पिशवी.

"अण्णा, आत्ता नको ना!" बाई हलक्या आवाजात ओरडल्या. "चादरींच्या खोलीत जा तुम्ही. गेस्ट येतायत!"

अण्णा पायरीपाशी येऊन ताठ उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. तोंड उघडलं. पण ऐन वेळी त्यांना काय बोलायचं तेच आठवेना.

कुंपणापलीकडून हलकी कुजबुज आली, "...मीच तो गेस्ट."

"मीच तो गेस्ट!" अण्णा म्हणाले.

कुंपणामागे प्रॉम्प्टरची दाढी दिसली आणि पुन्हा खाली गेली. बुकिंग त्याच्याच फोनवरून झालं होतं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं कानावर हात ठेवले, पण कान लाल झाले होते. ॲप कसं वापरायचं ते दोघा म्हाताऱ्यांना शिकवणारा दुसरा कोण असणार?

"अण्णा, हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळ नाही. पेन्शनीतून तिकीट काढलंय. पूर्ण काढलंय, अर्धं नाही." आता अण्णांना कुणी शब्द पुरवायची गरज उरली नव्हती. "या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात. का? तर मी बिनतिकिटाचा. आता तिकीट आहे. तिकीट काढलेल्या माणसाला सीटवरून उठवता येत नाही, ठमे. उभ्या जन्मात मी कुणाला उठवलं नाही. तू उठवून दाखव."

बाईंचा हात चावीसकट पुढे झालेला तसाच राहिला. उघड्या दारातून त्यांना आतली भिंत दिसत होती, आणि भिंतीवरचा खिळा. गेस्टला खिळा कशाला हवाय हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. केवढा, का, कुठे, काही नाही. ना ओळख ना देख, त्या माणसासाठी गिलावा पाडला होता. आणि बाप महिनोन्‌महिने विचारत होता तेव्हा कशाला, केवढा, कपाटात ठेवा, नंतर बघू. बाईंना आपली लाज वाटली. त्यांना रडू यायला लागलं, आणि रडताना नाक लाल होऊन फोटो वाईट येतात ही काळजी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली नाही.

"या," त्या कशाबशा म्हणाल्या. "पुढे सरका. आत भरपूर जागा आहे."

अण्णा आत गेले. गळ्यातून पिशवी काढली. कोटाच्या कॉलरवर पट्ट्याचा खोल वळ पडला होता. त्यांनी पिशवी खिळ्यावर टांगली, एक पाऊल मागे येऊन पाहिलं, पट्टा सरळ केला. मग बूट काढले, पलंगावर बसले आणि गादी हातानं दाबून पाहिली.

"गादी ठीक आहे," ते म्हणाले.

नवरा दारातच उभा होता. बाईंनी डोळे पुसले, फोन काढला आणि कोपऱ्यावरचं घर ॲपमधून कायमचं उडवून टाकलं. मग बुकिंगचे पैसे परत केले आणि त्यानंतर 'इतर' रकान्यातला आजोबा खोडला. कुंपणामागून कुणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या.

पण सवय ती सवय. जाता जाता बाई दारात वळल्या आणि तोंडातून निघून गेलंच, "अण्णा, पाच तारे द्याल ना?"

"तारे कधी देतात?"

"चेकआउट झाल्यावर."

"मग तुला ते मिळायचे नाहीत, ठमे," अण्णा म्हणाले आणि गादीवर आडवे झाले.